हॉवेल फार्मवर शनिवारी हात लावायला कोण कोण येतंय?

वाळवेकर

गेल्या वर्षी आमचे आण्णा गावाहून सहा महिन्यांसाठी इथे न्यू जर्सीला आले होते. पहिले तीन आठवडे खिडकीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या. मॉल झाला, देऊळ झालं, न्यूयॉर्क झालं. तिसऱ्या रविवारी जेवताना म्हणाले, "तिकीट अलीकडं घेता येतंय का बघ."

ऑफिसातल्या एकानं हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्मचं नाव सुचवलं म्हणून, आता हेही एक करून बघू अशा बेतानं घेऊन गेलो. मर्सर काउंटीत, होपवेल टाउनशिपमध्ये, डेलावेअर नदीच्या अलीकडे प्लेझंट व्हॅली म्हणून भाग आहे. एडिसनहून पाऊण-एक तास. शेत सव्वाशे-एकशेतीस एकराचं आणि कारभार 1900 सालच्या आसपासचा. घोडे, बैल, मेंढ्या, कोंबड्या, दगडी-लाकडी इमारती. प्रवेश फुकट.

गाडीतून उतरल्यावर आण्णा थेट बैलांकडे. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग एका बैलाच्या मानेवरून हात फिरवून म्हणाले, "आरं, ह्यास्नी वशिंडच न्हाई. मग जू आडतंय कशाला?"

मी तीस वर्षांत हा विचार केला नव्हता. आपल्या खिलारीच्या जुवाला वशिंडाचा आधार. इथल्या बैलाला वशिंड नाही, म्हणून जुवाखाली हिकरीच्या लाकडाची यू आकारात वाकवलेली कांब मानेखालून वर घेतात, जुवाच्या भोकांतून काढतात आणि वरून खुंटी मारतात. शिवळा नाहीत, जोती नाहीत. आणि वेसण तर अजिबात नाही! हाकणारा मागून नाही, बैलाच्या डाव्या अंगानं चालतो आणि नुसता बोलतो. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'व्होऽ' म्हणजे थांब. बैल ऐकतातही. आण्णांना हे पटायला तीन शनिवार लागले. तिकिटाचा विषय नंतर निघाला नाही.

मुद्द्यावर येतो. ऑक्टोबरात मक्याचा भुलभुलैया लागतो तेव्हा तिथल्या पार्किंगमध्ये निम्मं मराठी ऐकू येतं. भोपळे, फोटो, गरम सायडर. फेब्रुवारीत, एप्रिलच्या चिखलात, नोव्हेंबरात मका सोलताना आपला एखादाच. या हंगामात आपण दहा-बारा जण पाळीनं जाऊ शकतो का? 'फ्रेंड्स ऑफ हॉवेल फार्म' ही त्यांची मदतमंडळी आहे. वर्गणी भरून सभासद होता येतं, तेही करा. पण मला पैशांपेक्षा माणसांबद्दल बोलायचंय.

पाणीकमचहा

मस्त लिहिलंय. दोन प्रश्न. (1) आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यांनी काम केलेलं चालतं का? (2) बाबागाडी जाते का?

वाळवेकर

(1) आण्णा स्वयंसेवक म्हणून नाव घालत नाहीत. शनिवारच्या कार्यक्रमात आलेल्या कुणालाही करवत ओढायला, कणसं सोलायला देतात, तेवढंच ते करतात. नाव मी घातलंय. (2) जाते, पण पावसानंतर नको. माझ्या मेहुण्याची अजून धुतोय.

गुऱ्हाळ

फेब्रुवारीसाठी माझं नाव घाला. मी कोल्हापूरकडचा आणि गेली दोन वर्षं मेपलचा पाक बघायला न चुकता जातो. आमच्या गुऱ्हाळाची आठवण दुसरीकडे कुठे येत नाही, तिथे येते.

रात्री पाणी गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं. असे दिवस लागले की झाडात रस चढतो. खोडाला भोक पाडून तोटी ठोकायची, खाली बादली टांगायची. थेंब, थेंब. चाखून बघा, पाणीच लागतं, जिभेच्या टोकाला किंचित गोड. उसाच्या रसात शंभरात अठरा-वीस भाग गोडी असते, या रसात जेमतेम दोन. म्हणून एक लिटर पाकाला सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. आमच्या गुळव्यानं ऐकलं असतं तर चुलवाण विझवून घरी गेला असता.

आटवण्याचं तंत्र मात्र तेच! उथळ कढई, खाली धडधडता जाळ. आमच्याकडे चिपाडं, इथे लाकडं. फेस वर आला की आमचा गुळव्या तेलाचे दोन थेंब टाकायचा, इथे लोण्याचा खडा टाकायची रीत आहे. फेस मुकाट खाली बसतो. पाक झाला की नाही हे बघायला आमच्याकडे थंड पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतात. इथे डाव उचलून तिरका धरतात. थेंब थेंब गळला तर कच्चा, कडेवरून पडदा होऊन सुटला तर झाला. थर्मामीटरही असतो, पाण्याच्या उकळीपेक्षा साधारण चार अंश सेल्सिअस वर. पण जुने लोक डावाकडेच बघतात. एक फरक सांगतो. आमच्याकडे रसाची मळी काढायला भेंडीचं पाणी घालतात, इथे तसलं काही नाही, नुसतं गाळतात.

चव काकवीची नाही. काकवीला अंगचा जोर असतो. हा सभ्य पाक आहे.

लोंबी

काकवीबद्दल +1. गरम भाकरीवर मेपल सिरप घालून बघितलं. नाही जमलं.

एक_शंका

धाग्याचा विचका करायचा नाही, पण विचारतोच. हे सगळं छान, पण गोऱ्यांच्या पणजोबांच्या शेतात आपण फुकट राबायचं, आणि आपल्या गावातले वाडे पडतायत तिकडे बघायचं नाही? आण्णांच्या गोठ्यात आज काय आहे? वीकेंडचा गावरानपणा आहे हा. कापूस, दगडी भिंत, बैल, सेल्फी.

वाळवेकर

गोठ्यात मोटारसायकल आहे आणि खताची पोती. बैलजोडी 2009 साली विकली. तुमचं म्हणणं चूक नाही. सविस्तर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

पडवी

@एक_शंका, मी रत्नागिरीत राहते, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं समजते.

आमचं जुनं घर आहे. सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली चार देवाघरी, तीन परदेशी, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. पावसाआधी कौलं चाळायला माणूस लावायचा तर पैसे कुणी द्यायचे यावर मे महिना संपतो. मागच्या पावसात माजघराची वळचण गळली, वाशाला वाळवी. आता पुढच्या वर्षी बघू. असं घर वाचवायला प्रेम कमी पडत नाही हो. निर्णय घेणारा एक माणूस कमी पडतो.

हॉवेल फार्मबद्दल मी वाचलं ते हेच. शेताचे मालक चार्ल्स हॉवेल, 1949 ते 1955 अमेरिकन काँग्रेसमध्ये होते. 1973 साली गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी आयनेझ हॉवेल यांनी नवऱ्याच्या आठवणीसाठी शेत काउंटीला देऊन टाकलं. आणि देताना इच्छा सांगितली की जुन्या काळचं जगणं लोकांनी नुसतं बघू नये, करून बघावं. गाय पिळावी, अंडी गोळा करावी, मेंढी कातरायला मदत करावी, लोकर पिंजावी. एका बाईनं एक कागद केला आणि पन्नास वर्षं झाली तरी तो चालू आहे.

आमच्याकडेही असं झालंय, नाही असं नाही. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला केशवसुतांचं घर कोकण मराठी साहित्य परिषदेनं स्मारक करून ठेवलंय. 1994 साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. पाहुणे आले की मी तिथे नेते. जमीन सारवलेली असली की पाहुण्यांतली म्हातारी माणसं आपोआप खाली बसतात, हे मी दर वेळी बघते.

आणि पुण्याचं केळकर संग्रहालय. दिवे, अडकित्ते, दरवाजे, एकेक वस्तू बघून डोळे निवतात. पण काचेमागच्या अडकित्त्यानं सुपारी कुणी कातरायची? ते संग्रहालयाचं काम नाही, मान्य. म्हणून तर दुसऱ्या तऱ्हेचं, हात लावू देणारं, एखादं हवं म्हणते मी. गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्र' आहे, शेतीची नि कारागिरीची हजारो अवजारं एकाच्या हौसेनं जमलेली. जमेल त्यांनी जरूर जा.

एक_शंका

पडवीताई, सतरा नावांवर माझी बोलती बंद. आमच्याकडे बावीस आहेत.

डेलावेअरकाठ

मी इथे वीस वर्षं आहे, स्वयंसेवक म्हणून चार. शंका वेगळ्या बाजूनं रास्त आहे, ती बाजू मांडतो.

1900 सालचं शेत म्हटलं की सगळं गोड दिसतं. लाल कोठार, लोकरीचे गोळे, पाय (खायचा). पण ही खोरी त्याआधी लेनापे या इथल्या मूळ रहिवाशांची होती. आणि न्यू जर्सी हे गुलामगिरी सोडायला उत्तरेतलं सगळ्यात शेवटचं राज्य. 1804 साली कायदा झाला खरा, पण कसा? त्या वर्षीच्या 4 जुलैनंतर जन्मलेलं मूल 'स्वतंत्र', मात्र मुलगी एकविसाव्या आणि मुलगा पंचविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबणार. आई तशीच गुलाम. पूर्ण सुटका यादवी युद्ध संपल्यावर. या भागातल्या शेतीच्या भरभराटीत हे हात आहेत.

म्हणून कुणाला घेऊन गेलो की त्याच दिवशी नाही, पण पुढच्या खेपेला स्किलमनला नेतो. तिथे जुन्या माउंट झायन चर्चमध्ये स्टाउट्सबर्ग सोरलँड आफ्रिकन अमेरिकन म्युझियम आहे. बेव्हर्ली मिल्स आणि इलेन बक या दोघींनी एका दफनभूमीच्या प्रश्नावरून इथल्या कृष्णवर्णीय घराण्यांचा माग काढायला सुरुवात केली, त्यातून उभं राहिलं. चर्च एवढंसं, आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाएवढं. दोन्ही ठिकाणं बघितली की मगच या सोरलँड डोंगराचा इतिहास जुळतो.

राबण्याबद्दल: फुकट राबतो हे खरं. पण जानेवारीत थंडीत कुंपणाचे खांब मोजत फिरताना सेल्फी काढावासा वाटत नाही, एवढं सांगतो.

पाणीकमचहा

हे म्युझियम माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

वाळवेकर

मीटिंग संपली. @डेलावेअरकाठ, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आमच्या वाळव्यातही शेतावर राबणारे आणि सातबाऱ्यावर असणारे एक नव्हते, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही.

शंकासाहेबांना उत्तर. आण्णांना तिथे गावपण नको होतं. त्यांना उपयोगी पडायचं होतं. एका शनिवारी नांगराचं तास वाकडं जात होतं. नांगर धरलेला पोरगा विशीतला, घामाघूम. आण्णा बांधावर उभे राहून बघत होते, शेवटी राहवेना. मला म्हणाले, "त्येला सांग, फाळाकडं बघू नको, पलीकडच्या झाडाकडं बघ." मी सांगितलं. पोरानं मान वर केली, लांबच्या ओकवर नजर लावली, पुढचं तास सरळ गेलं. तिथल्या बाईंनी हसून विचारलं, हे गृहस्थ कोण? घरी येईपर्यंत आण्णा गाडीत गुणगुणत होते. सहा महिन्यांतलं पहिलं गुणगुणणं.

नांगरावरून अवांतर. तिथला नांगर लोखंडी, माती उलटी पाडणारा. आण्णा बघताक्षणी म्हणाले, "ह्यो तर किर्लोस्कर." आमचं गाव किर्लोस्करवाडीपासून लांब नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळे नांगर किर्लोस्करच. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला तो 1903 साली, म्हणजे हे शेत ज्या काळात थांबवलंय तोच काळ. तेव्हा आपले शेतकरी म्हणत, लोखंडानं जमीन नासते, विष भिनतं. आण्णांच्या आजोबांनीही घ्यायला नकार दिला होता म्हणे.

खळं

नांगरटीची शर्यत असते ना तिथे? कधी?

डेलावेअरकाठ

शर्यत म्हणू नका, वेगाला मार्क नाहीत. उन्हाळा सरता सरता असते. तास किती सरळ, किती खोल, माती नीट पालथी पडली का, हे बघतात. बैलांचीही असते, घोड्यांचीही. तारीख दर वर्षी हलते, त्यांच्या वेबसाइटवर बघून निघा. जुलैत गव्हाची मळणी नि आइस्क्रीम. तेव्हाच्या उकाड्यात पेंढ्या उचलल्यावर आइस्क्रीमची किंमत कळते. त्याच सुमाराला काउंटीतल्या मुलांच्या 'फोर-एच' संघटनेचा मेळावाही याच शेतावर भरतो. मुलांनी वाढवलेले ससे, शेळ्या, कोंबड्या.

लोंबी

मेंढ्या कातरण्याबद्दल सावधगिरीची सूचना. एप्रिलमध्ये लेकीला घेऊन गेले. मला वाटलं मऊ मऊ, पांढरं पांढरं. मेंढी बसवली खुर्चीत बसवल्यासारखी, ढुंगणावर, पाय वर. मेंढी गप्प, लेक जोरजोरात रडतेय, "तिला थंडी वाजेल!" लोकर एका अखंड गोधडीसारखी उतरली. हात लावला तर तेलकट, चिकट, वास असा की गाडीत काच खाली करून आलो. पण नंतर लोकर पिंजायच्या दोन फण्या लेकीच्या हातात दिल्या तेव्हा ती तासभर हलली नाही. अजून तो गुठळ्या-गुठळ्यांचा पेळू तिच्या उशीखाली आहे. फेकू देत नाही.

गुऱ्हाळ

जानेवारीतल्या बर्फकापणीचं कुणीच लिहिलं नाही?

डेलावेअरकाठ

मी लिहितो, माझा लाडका विषय.

तळं पुरेसं गोठलं तरच. माणूस उभा राहायला निदान चार इंच पक्का बर्फ हवा. आधी रेघा मारून चौकोन आखतात, मग दोन मुठींची लांब करवत. सुरुवातीला हलकं वाटतं. दहाव्या मिनिटाला खांदे बोलतात. सुटलेली लादी पाण्याच्या चरातून लांब आकडीनं ओढत काठाला आणायची, चिमट्यानं उचलायची, बर्फघरात रचायची. लाकडाचा भुसा किंवा पेंढा घालून ठेवलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे बरं का. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं 1833 साली असाच तळ्यातला बर्फ भुशात भरून 'टस्कनी' जहाजानं कलकत्त्याला पाठवला. 180 टन निघाला, चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन पोचला. पाठोपाठ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी छापून आली! मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे. 1897 साली विवेकानंद तिथे उतरले होते, आता ते विवेकानंद इल्लम. या सगळ्या व्यापाराच्या मुळाशी तळ्यावर करवत घेऊन उभा असलेला शेतकरी, ज्याला हिवाळ्यात दुसरं काम नसे.

एक_शंका

बरं, हरलो. जानेवारीला माझं नाव घाला. करवत दहा मिनिटांच्या वर देऊ नका.

खळं

कंपनीत असलेल्यांसाठी: स्वयंसेवेचे तास कंपनीच्या पोर्टलवर भरता येतात का बघा. काही कंपन्या तासांच्या हिशेबानं संस्थेला पैसे देतात. माझे गेल्या वर्षीचे तास नुसतेच वाया गेले, फॉर्म डिसेंबरअखेर भरायचा असतो हे जानेवारीत कळलं.

पडवी

इकडून मी काय करू शकते? येणं तर शक्य नाही.

वाळवेकर

पडवीताई, तुम्ही सतरा जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढा आणि त्यात फक्त कौलांचा फोटो टाका.

पडवी

ग्रुप आहे. त्यात सकाळचे सुविचार येतात. पण फोटो टाकते.

वाळवेकर

तर आत्तापर्यंत: जानेवारी बर्फ, मी, डेलावेअरकाठ, एक_शंका. फेब्रुवारी पाक, गुऱ्हाळ आणि पाणीकमचहा (आईबाबांसह, बाबागाडीशिवाय). एप्रिल मेंढ्या, लोंबी, लेकीची तयारी असली तर. जुलै मळणी, खळं. नोव्हेंबर मका मोकळाच आहे, तिथे कुणीतरी या. कणीस सोलायला तळहाताला एक आकडी बांधून देतात, तिनं पाला फाडायचा. पहिल्या दिवशी फोड येतो.

आण्णा मे महिन्यात परत येतायत. काल फोनवर आधी तब्येत नाही, नातवंडं नाही, विचारलं काय तर, "त्या डावीकडच्या बैलाच्या मानंला जू घासत हुतं, त्येचं काय केलं?" मी बघितलं नव्हतं. शनिवारी जाऊन बघून येतो.

पडवी

फोटो टाकला. तीन तासांत दोन अंगठे आणि एक "किती खर्च येईल?" खर्च विचारणारा तो न बोलणाऱ्यांपैकी एक आहे.